पुण्याच्या गच्चीवरून चंद्रग्रहण

शके १९४७ च्या भाद्रपदी पौर्णिमेस, म्हणजे रविवार, ७ सप्टेंबर २०२५ रोजीं रात्रीं, पुण्याच्या आकाशांत खग्रास चंद्रग्रहण झालें. आदल्याच दिवशीं अनंतचतुर्दशी होती आणि विसर्जनाची मिरवणूक शिरस्त्याप्रमाणें दुसऱ्या दिवसावर गेली होती. मिरवणुकीनंतरचें पुणें कसें असतें हें पुणेकरास सांगावयास नको. रस्त्यावर गुलाल, घसे बसलेले, डोळ्यांवर दोन रात्रींची झोंप. त्यांतच दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागावयाचा. उत्सव संपलेला आणि श्राद्धें सुरू व्हावयाचीं, अशा त्या मधल्या रात्रीसाठीं पंचांगाच्या पानावर पांच आंकडे छापलेले होते: स्पर्श ९ वाजून ५७ मिनिटें, संमीलन ११ वाजून १ मिनिट, मध्य ११ वाजून ४२ मिनिटें, उन्मीलन १२ वाजून २३ मिनिटें आणि मोक्ष १ वाजून २६ मिनिटें.

हे पांच आंकडे पंचांगांतील इतर आंकड्यांहून निराळ्या जातीचे आहेत. राहुकाल खरा कीं खोटा हें कोणास पडताळून पाहतां येत नाहीं. एकादशी पहाटे चार वाजतां लागली कीं सहा वाजतां, हें नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं. विवाहाचा मुहूर्त चुकला असला तर तें कळावयास पुष्कळ वर्षें लागतात, आणि तोंवर दोष मुहूर्तावर कोणी ठेवीत नाहीं. ग्रहणाचें तसें नाहीं. गच्चीवर उभें राहावें, घड्याळाकडे पहावें, आणि छापलेल्या मिनिटास चंद्राची डावी कड काळवंडूं लागते कीं नाहीं तें पहावें. पंचांगकाराची परीक्षा घेण्याचा अधिकार त्या रात्रीं ज्याला डोळे आहेत त्या प्रत्येकास मिळतो. पुण्याच्या इतिहासांत या अधिकाराला विशेष अर्थ आहे. आणि तरीहि याच शहरांत ग्रहणाच्या रात्रीं कित्येक घरांच्या खिडक्या मुद्दाम लावून घेतल्या जातात.

हा अधिकार ग्रहणासच कां, तें पाहूं जातां प्रथम तिथीकडे वळावें लागतें. तिथि म्हणजे सूर्य आणि चंद्र यांमधील अंतराचा बारा अंशांचा एक भाग. चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, आला कीं पौर्णिमा संपते. साध्या पौर्णिमेस हा क्षण ओळखण्याचें कांहींच साधन नसतें. आदल्या रात्रीचा चंद्रहि वाटोळा दिसतो आणि दुसऱ्या रात्रीचाहि. पण सूर्याच्या बरोबर समोर आणखी एक वस्तु सदैव असते, मात्र ती दिसत नाहीं: पृथ्वीची सांवली. ती शंकूसारखी निमुळती होत सुमारें १४ लक्ष किलोमीटरपर्यंत अवकाशांत गेलेली आहे, आणि चंद्राच्या अंतरावर तिची रुंदी सुमारें ९ हजार किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या अडीच पटींहून कांहींशी अधिक, भरते. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेशीं पांच अंशांनीं तिरपी असल्यामुळें बहुतेक पौर्णिमांना चंद्र या सांवलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. त्या दोन वाटा जेथें एकमेकींना छेदतात ते बिंदु म्हणजेच राहु आणि केतु. पौर्णिमा त्यांच्या जवळ पडली कीं चंद्र सांवलींत शिरतो, आणि जो क्षण एरवीं केवळ गणितांत असतो तो आकाशांत उमटतो. ७ सप्टेंबरला पौर्णिमा रात्रीं ११ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास संपली, आणि ग्रहणाचा मध्य त्यानंतर तीन मिनिटांनीं झाला. तिथीची अखेर डोळ्यांनीं पाहण्याचा याहून जवळचा मार्ग नाहीं.

सांवलीची ही उपपत्ति बाहेरून आलेली नव्हे. चंद्राला पृथ्वीची छाया झांकते हें आर्यभटानें पांचव्या शतकाच्या अखेरीस स्वच्छ लिहून ठेवलें आहे, आणि त्यानंतरच्या सर्व सिद्धांतकारांनीं ग्रहणाचें गणित छायेवरूनच केलें आहे. राहु चंद्राला गिळतो ही कथा सांगणारा आणि सांवलीच्या रुंदीवरून मोक्षाची घटका काढणारा हा पुष्कळदां एकच मनुष्य असे. दिवसा पुराण सांगावें आणि रात्रीं गणित करावें, यांत त्याला विसंगति वाटत नसे.

मात्र गणित एकदां पोथींत बसलें कीं त्याला आकाशापुढें पुन्हां उभें करणारे थोडे निघतात. कोंकणांतील नांदगांवचा गणेश दैवज्ञ हा त्या थोड्यांपैकीं होता. त्याचा पिता केशव स्वतः वेध घेई. आणि जुन्या ग्रंथांवरून आलेले ग्रह आकाशाशीं जुळत नाहींत हें दोघांनींहि पाहिलें होतें. गणेशानें शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' रचला. ज्याचापाच्या क्लिष्ट गणितावांचून ग्रह काढण्याची युक्ति त्यांत होती. आणि तिथीसाठीं त्यानें 'तिथिचिंतामणि' या नांवाचीं तयार कोष्टकें दिलीं. या सोपेपणामुळें त्याची पद्धति महाराष्ट्रांत अशी रुजली कीं तीनसाडेतीनशें वर्षें घरोघरचीं पंचांगें तिच्यावरून निघत राहिलीं. ज्यानें आकाश पाहून पोथी सुधारली त्याचीच पोथी पुढच्यांनीं आकाश न पाहतां चालविली. सूक्ष्म चुका सांचत गेल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे गणिताचे अध्यापक होते. टिळकांनीं पुढें गणित शिकलें तें त्यांच्याच हाताखालीं. छत्र्यांनीं १८६० मध्यें 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यानें एक नवें पंचांग निघूं लागलें. लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. ग्रह आकाशांत जेथें दिसतो तेथेंच तो पंचांगांत असावा, एवढाच त्याचा मुख्य आग्रह होता. या एवढ्याशा गोष्टीवरून पुण्यांत दोन पिढ्या वाद चालला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ मध्यें छापलेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास, व्यंकटेश बापूजी केतकर यांचें सारें गणित, मुंबईस १९०४ मध्यें आणि सांगलीस १९२० मध्यें भरलेल्या परिषदा, हीं सर्व त्याच वादाचीं पानें होत.

वाद विद्वानांत चालला खरा, पण त्याचा ताप घरांत पोंचत होता. त्याचें कारण मोठें चमत्कारिक आहे आणि तें ग्रहणाशींच निगडित आहे. चंद्र सारख्या वेगानें चालत नाहीं. म्हणून त्याच्या मध्यम स्थानाला एक संस्कार द्यावा लागतो. प्राचीनांनीं हा संस्कार जास्तींत जास्त सुमारें पांच अंशांचा ठरविला. वस्तुतः चंद्राला असे अनेक संस्कार लागतात. त्यांपैकीं दोन मोठ्यांची पौर्णिमेस व अमावास्येस अशी वजाबाकी होते कीं शेवटीं पांचच अंश उरतात; अष्टमीच्या सुमारास मात्र त्यांची बेरीज होऊन ती साडेसात अंशांपर्यंत जाते. प्राचीनांनीं आपला चंद्र पारखून घेतला तो ग्रहणांवर, आणि ग्रहणें पडतात तीं पौर्णिमेस व अमावास्येस. परीक्षा कडक होती, पण ती महिन्यांतील दोनच दिवशींची होती. त्यामुळें त्यांचा चंद्र पर्वकाळीं बरोबर आणि अष्टमीस दोनअडीच अंशांनीं चुकलेला, असा होऊन बसला. अडीच अंश म्हणजे तिथीमध्यें पांच तासांचा फरक. मुंजालानें दहाव्या शतकांत यासाठीं दुसरा एक संस्कार सांगून ठेवला होता. पंचांगकारांनीं तो उचलला नाहीं.

पांच तास म्हणजे एखादी तिथि आजची कीं उद्यांची, हा प्रश्न. जुन्या गणितानें तिथि साठ घटिकांहून फार तर पांच घटिकांनीं वाढे आणि सहा घटिकांनीं घटे. त्यालाच 'बाणवृद्धि रसक्षय' म्हणत, आणि धर्मशास्त्राचे निर्णय त्या मापानें बसविलेले होते. आकाशांतील खरी तिथि सात घटिकांपर्यंत वाढते व दहा घटिकांपर्यंत घटते. तेव्हां वडिलांचें श्राद्ध कोणत्या दिवशीं करावयाचें, एकादशीचा उपास आज कीं उद्यां, याचें उत्तर एका पंचांगांत एक आणि दुसऱ्यांत दुसरें येऊं लागलें. एकाच वाड्यांत दोन बिऱ्हाडें दोन दिवशीं एकादशी करीत आणि एकमेकांच्या ताटाकडे पाहत. छत्र्यांच्या पंचांगाचा स्वीकार फारसा झाला नाहीं तो यामुळें. लोकांना ग्रह कोठें आहे याची पर्वा नव्हती. बापाचें श्राद्ध चुकेल याची भीति होती, आणि ती भीति खोटी म्हणतां येत नाहीं.

परंतु या सर्व झगड्यांत एक गोष्ट कोणाच्या लक्षांत आल्यावांचून राहिली नसेल. जुन्या करणग्रंथावरून तिथि काढणारे कित्येक पंचांगकार ग्रहणाच्या वेळा मात्र नव्या गणितावरून घेत. अष्टमी पांच तासांनीं चुकली तर ती कोणाला दिसत नव्हती. ग्रहण पाव तासानें चुकलें असतें तर साऱ्या पेठेनें तें पाहिलें असतें. नव्या गणिताच्या बाजूनें याहून मोठी साक्ष कोणी काढूं शकला नसता.

आतां ज्या घरांत खिडक्या लावून घेतात त्या घराकडे वळावें. समजा, सदाशिव पेठेंतील एक चांगलें शिकलेलें घर आहे. आजेसासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत, नातसुनेला आठवा महिना आहे. चंद्रग्रहणाचा वेध तीन प्रहर आधीं लागतो, म्हणजे ७ सप्टेंबरला तो दुपारीं एकच्या सुमारास लागला. दुधावर आणि लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्रें पडलीं. नातसुनेनें कांहीं चिरूं नये, शिवूं नये, चंद्राचा उजेड अंगावर घेऊं नये, आणि जमल्यास खाऊंहि नये, असें ठरलें. ती स्वतः अभियंता आहे. पण पहिलें मूल पोटांत असतांना घरांतल्या सर्वांत वडील माणसाशीं वाद घालण्यास जें धैर्य लागतें तें महाविद्यालयांत शिकवीत नाहींत. ग्रहणांत काढलेल्या अशा उपासाचा ताप तिला होईल. ग्रहणाचा मुळींच होणार नाहीं. खग्रास चंद्राचा प्रकाश हा रोजच्या पौर्णिमेच्या चंद्राचाच प्रकाश, फक्त हजारों पटींनीं क्षीण झालेला. सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये हें खरें आहे, कारण तेथें सूर्य आहे. चंद्रग्रहण लहान मुलानें, म्हाताऱ्यानें आणि गरोदर स्त्रीनें हवें तितका वेळ पहावें. काळी कांच लागत नाहीं, दुर्बीणहि लागत नाहीं.

आजींच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आजींना ठाऊक असण्याचा संभव सुनेपेक्षां अधिक आहे. धर्मशास्त्र ग्रहणाकडे पाठ फिरवा असें सांगत नाहीं. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनीं १७९० च्या सुमारास लिहिलेला 'धर्मसिंधु' महाराष्ट्रांत आजहि प्रमाण मानतात. त्यांतला व इतर निबंधग्रंथांतला नियम असा कीं ग्रहणाचा पुण्यकाल तें दृष्टीस पडतें तोंवर. जें ग्रहण आपल्या गांवीं दिसत नाहीं त्याचें स्नान नाहीं, दान नाहीं, वेध नाहीं. चंद्र नुसत्या उपच्छायेंतून जातो तेव्हां त्याचें तेज किंचित् मंदावतें, पण डोळ्यांना फरक कळत नाहीं. म्हणून तसलें ग्रहण धर्मकृत्यासाठीं जमेसच धरीत नाहींत. बाल, वृद्ध व रोगी यांना वेधांत सवलतहि शास्त्रकारांनींच देऊन ठेवलेली आहे. म्हणजे ज्या शास्त्राच्या नांवानें खिडकी लावली जाते त्याच शास्त्रानें ग्रहणाची सारी इमारत दिसण्यावर उभारली आहे. खिडकी लावून बसलेल्या घरांत ग्रहण झालें कीं नाहीं, याला छापील कागदावांचून पुरावा नसतो.

जुन्या पुण्यांत ग्रहणाची आणखी एक खूण होती. ग्रहण लागलें कीं अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतील माणसें 'दे दान, सुटे गिराण' असें ओरडत पेठांतून फिरत, आणि दारांतून जुनें धान्य व जुनें वस्त्र बाहेर येई. ती आरोळी आतां ऐकूं येत नाहीं, तें बरेंच झालें. पृथ्वीच्या सांवलीचा भार ज्यांच्या माथीं मारला त्यांनींच त्याबद्दल हात पसरावा, अशी ती रीत होती.

गच्चीवर गेलेल्या माणसाला त्या रात्रीं काय पाहावयाचें होतें? पुण्याचें अक्षांश साडेअठरा अंश. ७ सप्टेंबरचा चंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या सहा अंश दक्षिणेस होता. म्हणून ग्रहणाच्या मध्याच्या वेळीं तो दक्षिणेकडे साठ अंशांहून अधिक उंच चढलेला होता. शहरांत ही गोष्ट फार मोलाची. शेजारच्या दहा मजली इमारतीनें त्याला झांकण्याचा प्रश्न उरला नाहीं. चार भिंतींच्या चौकांतूनहि तो दिसावा असा होता. स्पर्शाच्या आधींच डाव्या बाजूस धुरकटपणा येतो, आणि मग कड नाहींशी होऊं लागते. सांवलीची धार सरळ नसते, बांकदार असते, आणि ग्रहण कोणत्याहि दिशेनें लागो, ती नेहमीं वर्तुळाचाच तुकडा असते. ज्या वस्तूची सांवली सर्व बाजूंनीं वाटोळी पडते ती वस्तु गोलच असली पाहिजे, हें अनुमान ॲरिस्टॉटलनें यावरूनच मांडलें. पुण्याच्या मुलांना पृथ्वी गोल आहे हें पुस्तकांत वाचावयास मिळतें. पृथ्वीची स्वतःची आकृति दिसते ती फक्त येथें.

चंद्र तासाभरांत आपल्या व्यासाइतकी वाट चालतो, म्हणून स्पर्शापासून संमीलनास तास सवातास लागतो. हा काळ थोडा कंटाळवाणा खरा. मुलें खालीं जाऊन झोंपतात ती याच वेळीं. त्यांना अकराला उठवावें. शेवटची पांढरी कोर विझते आणि चंद्र नाहींसा होण्याऐवजीं तांब्याच्या भांड्यासारखा लाल होऊन लोंबूं लागतो. हा प्रकाश कोठून येतो तें सांगितलें तर मूल पुन्हां झोंपणार नाहीं. चंद्रावर त्या वेळीं कोणी उभा असता तर त्याला पृथ्वीनें सूर्य झांकलेला आणि तिच्याभोंवतीं लाल प्रकाशाचें एक बारीक कडें दिसलें असतें. तें कडें म्हणजे त्या क्षणीं पृथ्वीवर जेथें जेथें सूर्य उगवत किंवा मावळत आहे तेथील तांबडें आकाश. हवेंतून वळून आलेला तोच उजेड चंद्रावर पडतो. सांवलीच्या धारेजवळ बारकाईनें पाहिल्यास किंचित् निळसर छटाहि असते. ती वरच्या थरांतील ओझोनची करणी. म्हणूनच ग्रहणाचा रंग पृथ्वीच्या हवेवर अवलंबून असतो. फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखी १९९१ च्या जूनमध्यें फुटला. त्याची धूळ वरच्या हवेंत असतांना १० डिसेंबर १९९२ च्या पहाटे झालेल्या ग्रहणांत चंद्र इतका काळवंडला कीं तांबडेपणा जवळजवळ नाहींसा झाला. आंद्रे दांजों या फ्रेंच ज्योतिष्यानें या रंगाचे शून्यापासून चारपर्यंत पांच अंक ठरवून दिले आहेत. ते कोणालाहि गच्चीवरून देतां येतात, आणि त्यांवरून वरच्या हवेची निर्मळता अजमावतां येते.

७ सप्टेंबरच्या ग्रहणांत आणखी एक गंमत होती, आणि ती खास भाद्रपदाची होती. महिन्याचें नांव पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून पडतें, हें शाळेंत शिकवितात. पण प्रत्यक्ष पाहूं गेल्यास पौर्णिमेच्या चंद्राच्या उजेडांत तें नक्षत्रच दिसत नाहीं, आणि जें थोडें उरतें तें शहरांतील दिवे पुसून टांकतात. खग्रासांत चंद्राचें तेज दहा हजार पटींहूनहि अधिक घटतें. त्या ब्याऐंशी मिनिटांत पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा यांचा मोठा चौकोन लाल चंद्राच्या वर, जवळजवळ डोक्यावर, होता. पूर्वेस शनि आणि खालीं दक्षिणेस फोमलहौत. भाद्रपद हें नांव ज्यानें ठेवलें त्याला काय दिसलें असेल, तें पुण्यासारख्या झगझगीत शहरांतूनहि पाहतां येण्याजोगी ती वेळ होती. शहरानें आकाशगंगा गमावली, लहान तारे गमावले. चंद्रग्रहण मात्र शहराला अजून हिरावून घेतां आलेलें नाहीं.

हिरावून घेतात ते ढग. भाद्रपदांत पुण्याच्या आकाशाचा भरंवसा धरणें म्हणजे लग्नाच्या घरीं वेळेवर जेवण मिळेल असें धरणें. १५ जून २०११ ची वटपौर्णिमेची रात्र संपून १६ तारीख लागल्यावर शंभर मिनिटांचें खग्रास ग्रहण झालें तें पावसाळ्याच्या तोंडावर. २८ जुलै २०१८ च्या रात्रीं एक ते पावणेतीन या वेळांत या शतकांतलें सर्वांत दीर्घ खग्रास, १०३ मिनिटांचें, झालें तें ऐन आषाढांत. उलट ३१ जानेवारी २०१८ चें ग्रहण कोरड्या हिंवाळ्यांत आलें, पण चंद्र उगवला तोच ग्रासलेला. पंचांगांत यास ग्रस्तोदय म्हणतात. मावळत्या उजेडांत, क्षितिजालगत, आधींच लाल व मंद झालेला चंद्र शहरांत शोधावयाचा म्हणजे पर्वती किंवा वेताळ टेकडीसारखें उंच ठिकाण गांठावें लागतें.

गच्चीची सोय नसलेल्यांना पुण्यांत दुसरीहि जागा आहे. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ मध्यें येथें स्थापन झाली आणि टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरांत तिचें स्थान आहे. पंचांग आकाशाशीं जुळलें पाहिजे असा हट्ट ज्यांनीं धरला त्यांच्याच नांवाच्या इमारतींत दुर्बीण असावी, हा योग चांगला जुळून आला.

चंद्रग्रहणाचा आणखी एक गुण घड्याळवाल्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सूर्यग्रहण गांवोगांव निरनिराळ्या वेळीं लागतें. चंद्रग्रहण जेथें जेथें दिसतें तेथें एकाच क्षणीं दिसतें, कारण सांवली प्रत्यक्ष चंद्रावरच पडलेली असते. पुण्याचा स्थानिक मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेच्या मागें सुमारें साडेचौतीस मिनिटें, आणि कलकत्त्याचा तिच्या पुढें सुमारें साडेतेवीस मिनिटें. दोन्ही गांवच्या ज्योतिष्यांनीं आपआपल्या स्थानिक वेळेनें एकाच ग्रहणाचा स्पर्श टिपला आणि पत्रानें कळविला, तर अठ्ठावन्न मिनिटांचा फरक निघेल. आणि चार मिनिटांस एक अंश या हिशेबानें दोन शहरांमधील रेखांशांचें अंतर साडेचौदा अंश ठरेल. तारायंत्र येण्यापूर्वीं गांवांचीं रेखांतरें ठरविण्याचा हा एक मान्य मार्ग होता. आज त्याची गरज नाहीं. पण कलकत्त्यास नातलग असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास दोन काठ्यांच्या सांवल्यांवरून स्थानिक मध्यान्ह काढून हा प्रयोग करून पाहतां येईल, आणि भूगोलाच्या पुस्तकांतील एक आंकडा तरी त्याचा स्वतःचा होईल.

पुण्याला सोईची वेळ आणि कोरडें आकाश हीं दोन्ही एकत्र येण्याचा योग ३१ डिसेंबर २०२८ रोजीं आहे. त्या रात्रीं साडेआठनंतर स्पर्श होईल, पावणेदहापासून जवळजवळ अकरापर्यंत एकाहत्तर मिनिटें चंद्र पूर्ण सांवलींत राहील, आणि नवें वर्ष लागतां लागतां तो मोकळा होईल. मध्याच्या वेळीं तो पूर्वेकडे साठ अंशांच्या आसपास उंच असेल. शहरांतील निम्मीं माणसें त्या रात्रीं तशींहि जागीं असतात आणि पुष्कळशीं गच्चीवरच असतात. तेव्हां कोणास मुद्दाम उठविण्याचें कारण पडणार नाहीं. सदाशिव पेठेंतल्या त्या घरचें मूल तेव्हां तीन वर्षांचें झालेलें असेल. त्या वर्षाच्या पंचांगांतले पांच आंकडे कागदावर उतरून घ्यावे, घड्याळ आधीं बरोबर लावावें, आणि मुलाला स्वेटर घालून साडेआठला वर न्यावें.